हौदातली गोवरी

आमच्या अंगणात छापाचं काँक्रीट टाकणारा मिस्त्री पायात कधीच काही घालत नसे. लग्नाला गेला तरी नाही, दवाखान्यात गेला तरी नाही. पूर्ण्याहून रेल्वेनं सेलूला यायचा आणि तिथून जीपनं आमच्या वालूरला. जीपच्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवून बसायचा आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचा, “ह्यो पत्रा आज दहाच्या आत तापलाय. काल साडेदहाला तापला व्हता.” शेजारचा माणूस सरकून बसायचा. मिस्त्रीला तेवढीच जागा जास्त मिळायची.

पायांनी तो पुष्कळ कामं करायचा. वाळू ओली आहे की कोरडी ते पायानं बघायचा. जमिनीचा उतार पायानं बघायचा. डोळे मिटून अंगणभर चालायचा आणि एका जागी थांबून म्हणायचा, “पानी इथं थांबतंय.” पाणी तिथंच थांबायचं, हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण ते सांगायला मी डोळे मिटले नव्हते.

तो म्हणायचा, “टाच बहिरी असती, माय. बोटं नुसती घाबरतात. मधला खळगा खरं बोलतो. त्याला इचारायचं.” हे वाक्य मी त्याच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. माणूस तसा कमी बोलणारा, पण जे बोलायचा ते पुन्हा पुन्हा बोलायचा.

तो आमच्याकडे आला तो माझ्या पडण्यामुळं. घरात मी एकटी असते. नवरा गेला, मुलगा परभणीला कचेरीत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगणात सासऱ्यांनी टाकलेली शहाबादी फरशी होती. तिचे सांधे उचलले होते. त्यावर मी पडले, मनगट सुजलं. सगळ्यांनी शहाबादीला दोष दिला. मीही दिला.

मुलगा म्हणाला, “आई, एक तर हे अंगण नीट करू, न्हाई तर तू परभणीला चल. दोन्हीतलं एक सांग.”

“अंगण कर,” मी म्हणाले.

परभणी वाईट नाही. सून चांगली आहे, मला वेळेवर जेवायला देते. पण तिथं दार लावून बसायचं आणि दार वाजलं की कोण आहे ते भोकातून बघायचं. माझ्या दाराला भोक नाही. दार उघडंच असतं. येणाऱ्याला मी अंगणातून बघते आणि नको असेल तर तिथूनच परत पाठवते. हे सोडून मला कुठं जायचं नव्हतं.

छापाचं काँक्रीट ही कल्पना सुनेची. ओलं काँक्रीट पसरायचं, त्यावर रंगाची पूड टाकायची, मग रबराचे मोठे साचे दाबायचे. सुकलं की दगडी फरशीसारखं दिसतं, आणि सांधे उचलायची भीती नाही. तिनं मोबाइलवर एक फोटो शोधून ठेवला होता. काळंभोर अंगण, पाणी मारल्यासारखं चकचकीत. त्यावर दोन खुर्च्या आणि एक छत्री. मिस्त्री पहिल्यांदा आला तेव्हा तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला.

त्यानं तो आधी लांब धरला, मग जवळ धरला, मग उलटा करून मागं बघितलं.

“ह्यात पाय कुठंयत?” तो म्हणाला.

“कुणाचे?” सून म्हणाली.

“कुनाचेबी. मानसाचे, कुत्र्याचे, कोंबडीचे.”

“काका, तुमी डिझाईन बघा ना.”

“डिझाईन लय चांगलं हाय. पन इथं कुनी उभं न्हाई. का न्हाई?”

मुलगा म्हणाला, “थंड मुलकातला फोटो असंल, मिस्त्री.”

“मंग तिथं टाकून येतो. तिकीट काढा.”

सून आत निघून गेली. मी चहा टाकला. मला तो माणूस आवडला असं नाही, पण त्याला लवकर घालवावं असंही वाटलं नाही.

चहा पिताना त्यानं पाथरीकडची हकीकत सांगितली. तिथं एका बागायतदारानं शेतातल्या बंगल्यापुढं असंच काळं अंगण करून घेतलं. मिस्त्रीनं नको म्हणून सांगितलं होतं. बागायतदार म्हणाला, माझं अंगण आहे. यानं करून दिलं. त्यानंतर वैशाखात हा दुपारी दोन वाजता तिथं गेला. आपल्या प्रत्येक कामावर एकदा तरी वैशाखात दोन वाजता जाऊन उभं राहायचं, हा त्याचा नेमच होता. कुणी बोलवायचं नाही, हा आपला जाऊन उभा.

“मंग?” मी विचारलं.

“त्याचं कुत्रं उंबऱ्यात बसलं व्हतं. मी फाटकातनं शीळ घातली. कुत्र्यानं एक पाय खाली टाकला आन् उचलला. दुसरा टाकला, उचलला. मंग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, माय, की मी तिथनंच माघारी फिरलो.”

“आणि मालक?”

“मालक आतून बोलला, अंगन कसं दिसायलंय? मी म्हनलो, दिसायला चांगलं हाय.”

रंग ठरवायची त्याची पद्धत अशी. तो रंगाचे नमुने घरूनच ओतून आणायचा. जुन्या ताटल्यांत काँक्रीट ओतून त्याच्या दोन बोटं जाडीच्या गोल चकत्या करायचा. त्यांना तो भाकरी म्हणायचा. रंगांची नावंही त्यानं स्वतःच ठेवलेली. पांढुरका होता तो ज्वारीचा. पिवळसर तुरीच्या डाळीचा. तांबूस गुळाचा. आणि काळा होता त्याला तो करपलेली म्हणायचा. एका पोत्यात घालून हे सगळं रेल्वेतून आणायचा आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात सकाळपासून उन्हात मांडून ठेवायचा. दुपारी दोन वाजता घरातल्या प्रत्येकानं अनवाणी पायानं एकेका भाकरीवर उभं राहायचं. जी सोसवेल तिचं अंगण.

आमच्याकडे त्यानं चैत्राच्या शेवटी मांडलं. मुलानं रजा काढली होती. दोन वाजले. मिस्त्री म्हणाला, “चला, भाकरीवर पाय द्या.”

“मी देणार न्हाई,” मी म्हणाले.

“का वो?”

“भाकरीवर पाय देतात का? माझ्या घरात न्हाई देत.”

“आई, सिमेंट हाय ते,” मुलगा म्हणाला.

“मंग सिमेंट म्हना. भाकरी म्हनलाव तर पाय लागनार न्हाई.”

मिस्त्रीनं हातातली चकती खाली ठेवली आणि विचार करू लागला. त्याच्या बाजूनं बघितलं तर मोठीच अडचण होती. इतकी वर्षं गावोगाव लोक त्याच्या भाकरीवर उभे राहत होते आणि कुणी तोंड उघडलं नव्हतं. तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग म्हणाला, “गोवरी म्हनलं तर?”

गोवरीला माझी हरकत नव्हती.

तेव्हापासून तो आमच्याकडे त्यांना गोवरी म्हणू लागला. पुढं कळलं की इतर गावांतही त्यानं तेच चालू केलं. करपलेली हा शब्द मात्र त्यानं ठेवला. करपलेली गोवरी म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलं नसावं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. भाकरीचं मी बोलले ते खरंच होतं. पण त्यात दुसरंही एक होतं. मला त्या चकत्यांवर उभंच राहायचं नव्हतं. दोन वर्षांपासून माझ्या तळव्यांना काही लागत नव्हतं. चप्पल पायातून निसटली तरी मला कळायचं नाही, मागून लोक हाका मारायचे. एकदा बाभळीचा काटा तीन दिवस पायात होता, पाय धुताना तो हाताला लागला. आणि मी शहाबादीच्या सांध्यामुळं पडले नव्हते. पाय कुठं टेकलाय तेच कळलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर.

गोवरी झाल्यावर माझ्याकडं सबब उरली नाही. मग मी सगळ्यात शेवटी उभं राहायचं ठरवलं. आधी मुलगा उभा राहिला. ज्वारीच्या गोवरीवर तो उभा राहिला, गुळाच्या गोवरीवर डोलला आणि करपलेलीवर पाय टेकताच उडी मारून ओसरीवर गेला. सुनेचा काळ्या रंगाचा हट्ट होता, म्हणून ती करपलेलीवर मुद्दाम उभी राहिली. तीनपर्यंत मोजलं असेल. मग “अगं माय गं!” म्हणून दोन्ही हातांनी साडी वर धरून मोरीकडं पळाली. मुलगा तिच्या पायांवर पाणी ओतायला गेला.

मी सगळं नीट बघून ठेवलं. कशावर डोलायचं आणि कशावर उडी मारायची, ते मला पाठ झालं.

“या माय,” मिस्त्री म्हणाला.

ज्वारीच्या गोवरीवर मी उभी राहिले आणि म्हणाले, “ही बरी हाय.” गुळाच्या गोवरीवर म्हणाले, “ही जरा तापलीय.” मग करपलेलीवर पाय ठेवला. ठेवल्याबरोबर “माय गं, भाजले!” म्हणून ओरडले आणि पाय उचलून बाजूला झाले. साडीसुद्धा वर धरली. मला वाटतं, सुनेपेक्षा माझंच चांगलं झालं.

मिस्त्री माझ्या पायांकडं बघत होता. मोरीतून दोघं परत आली तेव्हा त्यांना म्हणाला, “ज्वारी. सगळ्यांच्या पायांनी ज्वारीच सांगितली.” सुनेनं तोंड वाकडं केलं, पण पाय पाण्यात बुडवून आल्यावर काळ्या रंगाची बाजू तरी कशी घेणार? तिची समजूत काढायला तो म्हणाला, “कडंनं हातभर पट्टा गुळाचा करू, ताई. तिथं लिंबाची सावली असती आन् चालत कुनी न्हाई. तिथं लाड करू.” छापही त्यानंच ठरवला. खोल रेघांचा नको, बादली अडकते. लाकडाच्या फळ्यांचा तर नकोच. “लाकूड पायजे तर लाकूड टाका. काँक्रीटला लाकूड म्हनलं की त्याला राग येतो.” उथळ दगडी छाप घ्यायचा, वरून चकचकीत पॉलिश करायचं नाही. ओल्या पायानं घसरतं.

दोघं हिशेबाचं बोलायला आत गेली. मी मिस्त्रीला चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला.

“माय, ती गोवरी हौदातली व्हती,” तो म्हणाला.

“कोनती?”

“ज्याच्यावर तुमी नाचलाव ती.”

मी बघितलं. हौदाच्या कडेला पाण्याचा ओघळ होता आणि लिंबाखाली तसलीच दुसरी काळी चकती पडली होती.

हा त्याचा नेहमीचा डाव. करपलेल्या दोन करून आणायचा. एक उन्हात ठेवायची, दुसरी पाण्यात. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं की बदलायची. घरातला एक जण ओरडला की बाकीचे त्याचं बघून ओरडतात. अशा लोकांचं ऐकून अंगण करायचं तर कसं करायचं? म्हणून ही हौदातली.

“मंग मीबी त्यांचं बघूनच वरडले,” मी म्हणाले. “काय झालं?”

“लबाड मानूसबी हौदातल्या गोवरीवर पाय ठेवला की थांबतो, माय. वरडायचं ठरवून आलेला असतो, पन पायाला गार लागतं. मंग तोंड इचारात पडतं. तुमचं तोंड इचारात पडलंच न्हाई.” त्यानं बशी खाली ठेवली. “कवापास्नं बहिरे झालेत पाय?”

माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांत कधी विचारलं नसतं, ते यानं दोन मिनिटांत विचारलं. अर्थात नवरा आधीच गेला होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

“पोराला सांगू नका,” मी म्हणाले.

“का?”

“परभनीला नेईल.”

“परभनीत काय हाय?”

“तिसरा मजला.”

त्यानं मान हलवली. तिसऱ्या मजल्यावर अंगण नसतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. “मी सांगत न्हाई,” तो म्हणाला. “मी फरशीवाला हाय. पन तुमी सांगा.”

“सांगते.”

“कवा?”

“सांगते म्हनलं ना.”

पुढचे आठ दिवस तो पूर्ण्याहून रोज फोन करायचा. सिमेंट आलं का, वाळू चाळली का, आणि सांगितलं का. पहिल्या दोन गोष्टींना मी हो म्हणायचे. सातव्या दिवशी मी फोन उचललाच नाही.

उन्हाळ्यात काँक्रीट लवकर धरतं, म्हणून त्यानं पहाटे काम काढलं. आदल्या दिवशी गल्लीतल्या बायकांकडून जुन्या साड्या मागून आणल्या आणि त्यांचा मांडव अंगणावर बांधला, म्हणजे ऊन आणि वारा लागणार नाही. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या साड्यांखाली चार माणसं घमेली वाहत होती. माझ्या साखरपुड्याची साडीही त्यात होती. ती दुसऱ्या कशाच्या कामाची नव्हती. मुलगा आणि सून मुद्दाम बघायला आले होते. उंबऱ्यापासून सुरुवात करून फाटकापर्यंत काँक्रीट पसरलं, सारखं केलं, वर ज्वारीच्या रंगाची पूड टाकली. मग साचा चिकटू नये म्हणून दुसरी एक पूड.

त्यानंतर अंगठा. मिस्त्री उंबऱ्याशी उकिडवा बसून दर थोड्या वेळानं काँक्रीटमध्ये अंगठा दाबायचा. अंगठा चिखलासारखा रुतला तर थांबायचं. मळलेल्या कणकेत उठतो तसा ठसा उठला की साचे टाकायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला चालत नसे.

“आलं,” तो म्हणाला.

दोघा गड्यांनी साचा उचलला. मिस्त्रीनं हात वर केला. साचा तसाच धरून ते दोघे उभे राहिले.

“माय,” तो म्हणाला, “सांगितलं का?”

“काय सांगायचंय?” मुलगा म्हणाला.

“मागून सांगते,” मी म्हणाले.

“मागून ह्याचा दगड हुईल. सात-आठ मिनिटं हायत. भिंतीवरचं ऊन त्या कोनाड्याला लागलं की संपलं.”

समोरच्या भिंतीच्या माथ्यावर ऊन आलं होतं. कोनाडा त्याच्या खाली दोन हात असेल.

“मिस्त्री, माल वाया जाईल,” मुलगा म्हणाला.

“जाईल.”

“अहो, मंग दाबा की!”

“हे कुनाच्या पायासाठी करायलोय ते घरातल्यांना ठाऊक पायजे. खोट्या पायाखाली मी छाप दाबत न्हाई.”

“कुनाचा खोटा पाय? आई, काय म्हनायलेत हे?”

मी भिंतीकडं बघत होते. ऊन खाली येत होतं. अंगण वाया गेलं तर परभणी, सांगितलं तर परभणी. दोन्हीकडं तिसराच मजला. अशा वेळी गप बसलेलं बरं असं मला वाटलं आणि मी गप बसले. साचा धरलेल्यांपैकी एकानं तो गुडघ्यावर टेकवला. मिस्त्री उकिडवाच बसून होता. त्यानं उंबऱ्याजवळ पुन्हा अंगठा दाबला. या वेळी ठसा नखाएवढाच उठला. तो त्याच्याकडं बघत राहिला. मी पाहिलं तर त्याच्या कपाळावरून घाम गळून काँक्रीटवर पडत होता आणि तो तेही पुसत नव्हता. मला वाईट वाटलं ते त्या कामाचं. इतकं सारखं केलेलं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं.

“माझ्या पायाला काई लागत न्हाई,” मी म्हणाले. “दोन वर्सं झाली. काटा लागत न्हाई, चटका लागत न्हाई. मी पडले ते शहाबादीनं न्हाई.”

सून म्हणाली, “आत्या, मंग ती सेलूला एसटीत ऱ्हायलेली चप्पल...”

“तीच.”

“तुमी म्हनलाव गर्दी व्हती.”

“गर्दीबी व्हती.”

मुलाचा चेहरा लाल झाला होता. तोंड उघडायच्या आत मिस्त्रीनं त्याच्या हातात ठोकायची धुमुस दिली आणि साच्यावर उभं केलं. “आता बोलायचं ते ठोकता ठोकता बोला. येळ न्हाई.”

मग माझ्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा अंगमेहनतीचं काम केलं.

“दोन वर्सं!” धुमुस आपटली. “फोनवर इचारलं की म्हनती, सगळं बरं हाय!” पुन्हा आपटली. “काटा लागत न्हाई म्हनं! आन् मला बाहेरच्या मानसाकडून कळायलंय!”

“असंच,” मिस्त्री म्हणाला. “छाप चांगला उठायलाय. बोलत ऱ्हावा. कोपरा सोडू नका.”

“मी काय मेलो व्हतो का, आई?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“पुढचा साचा,” मिस्त्री म्हणाला.

असं बोलत बोलत ते फाटकापर्यंत गेले. साडीच्या मांडवाखालून सगळ्या गल्लीनं ऐकलं. काम झालं तेव्हा ऊन कोनाड्याच्या खाली उतरलं होतं. उंबऱ्याजवळचा कोपरा सगळ्यात आधी पसरलेला, तो मी बोलेपर्यंतच घट्ट झाला होता. तिथं साचा दाबला, पण छाप नुसता दिसला न दिसला असा उठला. मिस्त्री त्या कोपऱ्यावर हात फिरवत बराच वेळ बसला. त्याच्या हातून असं काम कधी झालं नव्हतं.

“हे तोडून पुन्हा करतो,” तो म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या,” मी म्हणाले. “ते माझ्याकडून झालंय.”

दवाखान्यात रक्त तपासलं. साखर निघाली, पुष्कळ. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पायाला एखादी जखम चिघळली असती तर पाय गेला असता. मी म्हणाले, गेलेलाच होता. त्या हसल्या नाहीत.

चार दिवसांनी मिस्त्री अंगणावरची सुटी पूड धुवायला आला. मुलगा माझं सामान न्यायला आला होता. दोन पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. त्यानं मिस्त्रीलाच विचारलं, “तुमीच सांगा, हिला इथं कशी ठेवू?”

“मी फरशीवाला हाय,” मिस्त्री पाण्याचा पाइप धरून म्हणाला. “अंगन तापनार न्हाई, घसरनार न्हाई, ह्यो जिम्मा माझा. घरातबी चप्पल घालायची, ह्यो ह्यांचा जिम्मा.”

“आन् माझा?”

“तुमी रोज तळवे बघा.”

“परभनीहून?”

“मोबाइल कशाला हाय? त्याच्यात अंगनाचे फोटोच बघायचे का?”

मुलगा पिशव्यांकडं बघत उभा राहिला. मग सुनेनं एक पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. दुसरी त्यानं नेली.

तेव्हापासून मागून पट्टा असलेल्या चपला घालते. संध्याकाळी सहा वाजता फोन येतो. मी ओसरीवर बसून मोबाइलपुढं एकेक तळवा धरते. इतरांची मुलं आईचं तोंड बघतात, माझा मुलगा तळवे बघतो. “डाव्याची टाच जवळ आन,” म्हणतो. सून मागून म्हणते, “आत्या, तेल लावा, भेगा पडायल्यात.” मग आम्ही फोन ठेवतो. बाकी बोलण्यासारखं फार नसतं.

नेमाप्रमाणं मिस्त्री पुढच्या वैशाखात दुपारी दोन वाजता आला. फाटकातून आत आला, अंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला.

“मला इचारू नका,” मी ओसरीवरून म्हणाले. “मला काई कळत न्हाई.”

“तुमच्या वाटचं मी उभा ऱ्हातो,” तो म्हणाला. डोळे मिटले. बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “सोसवतंय.” चहा घेतला, उंबऱ्याजवळच्या कोपऱ्याकडं एकदा वाईट नजरेनं बघितलं आणि गेला. पुढच्या वर्षी आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. दर वेळी कोपऱ्याचं काढायचा. तोडून पुन्हा करतो म्हणायचा. मी दर वेळी राहू द्या म्हणायचे. येणारे-जाणारे विचारतात, इथंच छाप का नाही? मी सांगते, तिथं मी गप बसले होते. लोकांना वाटतं, म्हातारी भ्रमली.

ती हौदातली गोवरी माझ्याकडंच राहिली. लोणच्याच्या बरणीवर ठेवते, झाकण दबून राहतं.

यंदा वैशाखात तो आला नाही. आठ दिवस वाट बघितली आणि फोन लावला. त्याच्या लेकीनं उचलला. म्हणाली, संक्रांतीच्या आधीच गेले. झोपेत गेले. मी विचारलं, पाय कसे होते? तिला ते चमत्कारिक वाटलं नाही. म्हणाली, “चांगले व्हते, मावशी. शेवटपर्यंत चांगले व्हते.”

पुढच्या रविवारी मुलगा आला. जेवण झालं. दोन वाजायला आले तेव्हा मी त्याला म्हणाले, “चपला काढ.”

“कशाला?”

“अंगनात उभा ऱ्हा.”

त्यानं वाद घातला नाही. चपला काढल्या आणि चालत जाऊन मध्यावर उभा राहिला. तिथं छाप सगळ्यात खोल उठलाय, तिथंच तो ‘मी काय मेलो व्हतो का’ म्हणाला होता.

“डोळे मीट,” मी म्हणाले.

त्यानं मिटले.

“खळग्याला इचार. कसं हाय?”

त्याचं तोंड विचारात पडलं, ते मला ओसरीवरून दिसलं.

“सोसवतंय,” तो म्हणाला.

मी चपलांचे पट्टे ओढून घेतले आणि उंबऱ्याजवळच्या त्या गुळगुळीत कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. अडीच वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग आत गेलो.